कॅम्पर व्हॅनसाठी '२०० एएच' लिथियम बॅटरी घेतली, आत निघाली ७२ एएच

व्हॅनमध्ये लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून घेणार असाल तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. बॅटरी ६८,०००, २००० वॉटचा इन्व्हर्टर २४,५००, सोलर चार्जर ९,५००, केबल आणि मजुरी ३१,०००. एकूण १,३३,००० रुपये पुण्यातल्या एका कॅम्पर बनवणाऱ्याच्या घशात गेले.

बॅटरीवर २० अँपिअरचा लोड लावला. २०० एएच (अँपिअर-अवर, म्हणजे अँपिअर गुणिले तास) असती तर १० तास चालली असती. ३ तास १२ मिनिटांत बीएमएसने (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) कट मारला, म्हणजे ६४ एएच! खोकं उघडलं तर आत ३२७०० साइजचे, ६ एएचचे ४८ सेल. चार सिरीजमध्ये, बारा पॅरलल. सिरीजने व्होल्ट वाढतात, एएच वाढतात पॅरललने. म्हणजे नवेकोरे असते तरी बारा गुणिले ६, ७२ एएचच.

कळायला हवं होतं ते वजनावरून. बसवणाऱ्याने बॅटरी एका हाताने उचलून सीटखाली सरकवली. जेमतेम १० किलो. खरी २०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी २० किलोच्या आसपास भरते. काम तिथल्या तिथे थांबवायला हवं होतं, हे आजही डोक्यातून जात नाही. पण ५०-६० किलोची ट्यूब्युलर (लेड-ॲसिड) बॅटरी उचलणाऱ्याला "लिथियम हलकीच असते साहेब" हे पटणारच, कारण ते खरंच आहे. मल्टिमीटरही मदत करत नाही. पूर्ण चार्ज झालेली ७२ एएच आणि २०० एएच, दोन्ही १३.३ व्होल्टच दाखवतात. वजनकाटा सोबत न्या.

२००० वॉटच्या इन्व्हर्टरला पूर्ण लोडवर, लॉस धरून, पावणेदोनशे अँपिअर लागतात. आतला बीएमएस १०० अँपिअरचा. इंडक्शन १६०० वर नेलं की सगळं बंद, आणि बसवणारा म्हणतो, "तुमचं इंडक्शनच खराब आहे."

केबल 'प्युअर कॉपर' म्हणून लावलेली. टोक कापून ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. (टिन केलेलं तांबं वरून पांढरं दिसतं, पण आतून लालच.) अशी केबल त्याच जाडीत जास्त तापते, लग (केबलच्या टोकाचा जोड) सैल होतो, इन्सुलेशन वितळतं. बॅटरीच्या प्लसवर फ्यूजसुद्धा नव्हता. ज्या गाडीत माणसं झोपतात तिथे!

पोलिस चौकीत उत्तर मिळालं, "माल मिळाला ना? मग हा दिवाणी मामला." २०० छापून ७२ विकणं ही फसवणूक नाही तर काय? अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. पुन्हा गेलं की साहेब बंदोबस्तावर. वर विचारणा, एवढ्या पैशांची बॅटरी कशाला घेतली! प्रश्न विकणाऱ्याला विचारायचे की घेणाऱ्याला? पोच घेतल्याशिवाय चौकीतून हलू नका.

ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. बॅटरी प्रयोगशाळेत तपासायची मागणीही करता येते. म्हणून सील तोडण्याआधी डिस्चार्ज टेस्टचा सलग व्हिडिओ काढा, अँपिअर आणि घड्याळ एकाच फ्रेममध्ये. बिलावर 'बॅटरी सेट १ नग' चालवून घेऊ नका. एएच, सेलचा प्रकार, बीएमएसचे अँपिअर, केबलचे स्क्वेअर एमएम, सगळं जीएसटी बिलावरच लिहून मागा. लिहायला नकार दिला तर ॲडव्हान्स देऊ नका.