आमची पीएचसी: कुत्रा चावल्यावरच्या चार चकरा

तापाच्या गोळ्यांपलीकडे मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कधी गेले नव्हते. गेल्या पावसाळ्यात धाकट्याच्या पोटरीला कुत्र्याने धरलं आणि महिनाभरात चार चकरा झाल्या. कातडीत देतात ती रेबीजची लस तशीच असते: पहिल्या दिवशी, मग 3, 7 आणि 28 दिवसांनी.

सिस्टर एक नंबर. आधी सुई नाही, आधी नळ. साबण लावून घड्याळात बघून 15 मिनिटं पाय धुवायला लावला. मी घरून हळद भरून नेली होती. एक शब्द न बोलता तीही धुऊन काढली. मग दोन्ही दंडांत कातडीच्या वरच्यावर सुई, मसुरीच्या दाण्याएवढा फुगवटा आला. खर्च शून्य, 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपरलाही पैसे नाहीत.

पण रक्त आलेलं, म्हणजे जखमेत सिरम (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यायला हवं, आणि ते इथे नव्हतं. ग्रामीण रुग्णालयात जा म्हणाले. पीएचसी जिल्हा परिषदेची, ग्रामीण रुग्णालय राज्य सरकारचं. तिथे नवा केसपेपर आणि पुन्हा पहिल्यापासून "कुत्रा पाळीव की भटका?" लेकरू कण्हतंय आणि आपण दोन दारांत.

तिसऱ्या चकरेला नळ कोरडा. मोटर जळालेली. रुग्ण कल्याण समितीकडे असल्या दुरुस्तीला पैसे असतात, पण "वरून सही यायचीय". माझी पिठाची गिरणी आहे. आमच्या गटाचे झेडपी मेंबर पूर्वी दळण घेऊन यायचे. एकदा गहू दळून होईस्तोवर दवाखान्याच्या गळक्या पत्र्याचं त्यांच्या कानावर घातलं, तर आठवड्यात नवा पत्रा बसला. मार्च 2022 मध्ये झेडपीची मुदत संपली, निवडणूक रखडली, प्रशासक बसले. प्रशासक काही माझ्याकडे दळायला येत नाहीत.

डॉक्टरांची गोष्ट वेगळी. दोन जागा, भरलेली एक, आणि त्याच साहेबांकडे शेजारच्या केंद्राचाही चार्ज. ते मेंबर असतानाही असंच होतं. मेंबर पत्रा बसवू शकतो, डॉक्टर नाही.

28 व्या दिवशीही नळ कोरडाच. सिस्टरनी क्वार्टरमधून बादली आणून ठेवली होती.

पाचपैकी साडेतीन तारे. जाणार असाल तर सकाळी साडेआठलाच जा, डॉक्टर दुपारी सापडत नाहीत. आणि पाण्याची बाटली न्या.