मेडवे क्वीन : प्रवासी आगबोट ते डंकर्कची बोट

इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या जिलिंगम येथील धक्क्याला 'मेडवे क्वीन' ही दोन्ही बाजूंच्या वल्ह्यांच्या चाकांनी पाणी कापत चालणारी आगबोट उभी आहे. ती आता संग्रहालय म्हणून पाहता येते आणि जहाजांची आवड असणाऱ्याने ती सावकाश, माहितगार स्वयंसेवकाला सोबत घेऊनच पाहावी.

1924 साली स्कॉटलंडमधील ट्रून येथे बांधलेली ही बोट स्ट्रूड, चॅटम, साउथएंड, हर्न बे अशा फेऱ्या करी. नदीच्या मुखाशी आणि किनाऱ्यालगत चालायचे म्हणून उथळ पाण्यातही ती चालावी अशी तिची बांधणी होती. हाच गुण नौदलाच्या कामी आला. दुसऱ्या महायुद्धात तिला सागरी सुरुंग काढण्याच्या कामावर घेतले, आणि 1940 च्या मे महिन्याअखेर फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील डंकर्क बंदरात अडकलेल्या ब्रिटिश व मित्रराष्ट्रांच्या सैनिकांना आणण्यासाठी तिची रवानगी झाली. तिने सात खेपा केल्या आणि सुमारे 7,000 माणसे परत आणली. तिच्याच जातीची 'ब्रायटन बेल' ही बोट वाटेत बुडालेल्या जहाजावर आदळली, तेव्हा त्या बोटीवरची माणसेही हिनेच उचलून घेतली. शेवटच्या खेपेत डंकर्कच्या धक्क्याला असताना दुसऱ्या जहाजाचा धक्का बसून हिच्या चाकावरचे आवरण मोडले, तरीही ती माणसांसह परतली. डेकवर उभे राहिले की ही जागा किती अरुंद आहे ते कळते, आणि त्या गर्दीच्या नुसत्या कल्पनेने मन भरून येते.

युद्धानंतर ती पुन्हा प्रवासी वाहू लागली. 1963 साली फेऱ्या थांबल्या. पुढे ती आइल ऑफ वाइट या बेटावर नाइट क्लब झाली आणि अखेर सांगाडा खिळखिळा होऊन पडून राहिली. 1985 पासून एका संस्थेने तिची काळजी घेतली. ब्रिस्टल येथे तिचा सांगाडा जुन्या पद्धतीने, पत्र्याला पत्रा रिव्हेटने (ठोकून बसवलेल्या जाड खिळ्यांनी) जोडून नव्याने बांधला आणि 2013 मध्ये ती जिलिंगमला परतली. सांगाडा नवा असेल तर बोट तीच कशी, असा प्रश्न कोणी विचारील. माझ्या मते त्याचे उत्तर खाली यंत्राजवळ मिळते. वाफेचे यंत्र मूळचेच आहे, आणि तिरप्या दांड्यांपासून चाकांच्या आसापर्यंत त्याची जोडणी हाताच्या अंतरावरून पाहता येते. मी सर्वांत जास्त वेळ तिथेच घालवला.

बोट चालत नाही, त्यामुळे फेरी मारण्याच्या अपेक्षेने येऊ नये. जिने उभे आहेत, वृद्धांना जपून न्यावे. शनिवारी यावे, आणि निघण्याआधी बोट उघडी आहे याची खात्री करून घ्यावी.