हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग : आंब्याच्या हंगामापासून आठ महिने वापरल्यावर

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. पेट्या वर्डप्रेसवर (वेबसाइट बनवायची प्रणाली) उभ्या केलेल्या साइटवरून विकतो. त्यावर ऑनलाइन दुकान चालवणारं वूकॉमर्स आणि त्याच्या सोबतीला १७ प्लगिन, म्हणजे साइटला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. हेल्थ चेक अँड ट्रबलशूटिंग हे बिघाड शोधायला मदत करणारं, फुकट मिळणारं प्लगिन मी मार्चमध्ये टाकलं, तेही गळ्याशी आल्यावर. आता नोव्हेंबर लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

झालं असं की, पेटी कोणत्या दिवशी हवी ते निवडायचं कॅलेंडर चेकआउटवर (ऑर्डर पक्की करायच्या पानावर) उघडेनासं झालं. तारखेशिवाय ऑर्डर पुढे सरकत नाही. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचा फोन आला, "अरे, त्या तारखेच्या चौकोनावर बोट आपटून दमले मी!" इकडे पहिल्या तोडणीच्या पेट्या भरून तयार. बाबा तासातासाला विचारायचे, "ऑर्डरी इले काय रे? आंबो काय थांबाचो नाय."

एफ-१२ दाबून ब्राउझरचा कन्सोल (पानातल्या चुका दाखवणारी खिडकी) उघडला. लाल अक्षरांत 'डेटपिकर इज नॉट अ फंक्शन', म्हणजे तारीख निवडायचं कॅलेंडर दाखवणारा कोड सापडत नाही, आणि उजव्या कडेला तारखेच्या प्लगिनची फाइल. मी त्यालाच चोर धरलं. दोनदा काढून पुन्हा टाकलं, फरक शून्य. आपल्यासारखे बरेच जण इथेच फसतात. कन्सोलमध्ये ज्याचं नाव दिसतं, त्याचं काम अडलेलं असतं एवढंच कळतं. अडवणारा दुसराच असू शकतो.

सगळी प्लगिन बंद करून एकेक चालू करायची रीत मला माहीत होती, पण भर हंगामात दुकान कसं बंद करणार? इथे हे प्लगिन कामाला आलं: त्याच्या ट्रबलशूटिंग मोडमध्ये बाकीची प्लगिन बंद होतात आणि थीम (साइटचं रूप) साधी होते, पण हे सगळं फक्त लॉगिन केलेल्या आपल्यापुरतं. गिऱ्हाइकाला साइट होती तशीच दिसते. आधी वूकॉमर्स आणि तारखेचं प्लगिन चालू केलं. कॅलेंडर टपकन उघडलं. मग वरच्या पट्टीतून एकेक चालू करत, दर वेळी चेकआउट ताजं करून बघत गेलो. नवव्याला कॅलेंडर मेलं. ते होतं बागेचे फोटो सरकवणारं स्लायडर!

कारण ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये (पानासाठी आलेल्या फाइलींची यादी) सापडलं. 'जेक्वेरी' (अनेक प्लगिन ज्यावर चालतात तो तयार जावास्क्रिप्ट कोड) शोधल्यावर दोन फाइली दिसल्या: एक वर्डप्रेसची, दुसरी स्लायडरने स्वतःची म्हणून आणलेली जुनी. दुसरी उशिरा येऊन पहिलीच्या जागी बसते, आणि पहिलीला जोडलेलं डेटपिकर तिला ठाऊकच नसतं. स्लायडर काढलं, कॅश (साठवून ठेवलेल्या पानांच्या प्रती) रिकामी केली. त्याच रात्री ऑर्डरी सुरू झाल्या.

पावसाळ्यात बाग शांत असते, तेव्हा उरलेली डागडुजी केली. फोटोंची एक जुनी गॅलरी रुसली होती. वर्डप्रेस ५.५ ने ऑगस्ट २०२० मध्ये जेक्वेरी मायग्रेटचा (जुना कोड सांभाळून घेणाऱ्या फाइलीचा) जुना आधार काढला आणि डिसेंबरात ५.६ ने जेक्वेरी ३.५.१ आणली, त्याआधीच्या पद्धतीने लिहिलेला कोड असा अडखळतो. ती गॅलरी बदलली.

एक मर्यादा मात्र जाणवली. हा मोड लॉगिन केलेल्यालाच लागू असल्याने, जो बिघाड फक्त बाहेरच्या पाहुण्याला दिसतो तो यात पकडता येत नाही. जुलैत कॅश प्लगिनमध्ये स्क्रिप्ट उशिरा लोड करायची खूण केली होती. लॉगिन केल्यावर सगळं ठीक, पण इन्कॉग्निटो खिडकीत (जिथे आपण लॉगिन नसतो) 'जेक्वेरी इज नॉट डिफाइन्ड', म्हणजे जेक्वेरी सापडतच नाही. पानातली छोटी स्क्रिप्ट आधी धावत होती आणि जेक्वेरी मागून येत होती. जेक्वेरीची फाइल उशिराच्या यादीतून वगळली, काम झालं. त्यामुळे प्रत्येक बदलानंतर इन्कॉग्निटोत एक चाचणी ऑर्डर टाकतोच. शिवाय काम संपलं की मोड आठवणीने बंद करा, नाहीतर आपलीच साइट उघडीबोडकी दिसून जीव खालीवर होतो. बॅकअप तर आधी घ्याच. आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल नेम नाही.

माझ्याकडून पाचपैकी पाच. घरचा माणूस एकट्याने साइट सांभाळत असेल, तर हे हवंच. स्लायडर बनवणाऱ्यांना मी दोन फाइलींचा स्क्रीनशॉट एप्रिलमध्येच पाठवला, उत्तर अजून नाही. तोवर बागेचे फोटो एकाखाली एक साधेच लावलेत, आणि फोनवर पान आधीपेक्षा लवकर उघडतंय.