8 कॅमेरे, 4 टीबी आणि एक बंद बझर: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

दुकानातल्या सीसीटीव्हीच्या याच सेटअपबद्दल तिसऱ्या महिन्यात चार ओळी लिहिल्या होत्या. त्यात एक वाक्य होतं: "डीव्हीआरला डिस्क कुठलीही चालते, जांभळ्या स्टिकरचे जादा पैसे कशाला?" (डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा, जांभळं स्टिकर म्हणजे खास सीसीटीव्हीसाठी विकली जाणारी डिस्क.) त्यातलं अर्धं आज मागे घेतो. अर्धंच, आणि ते का, ते पुढे येईल.

सेटअप असा: कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतलं धान्याचं दुकान आणि मागचं गोदाम. आठ चॅनेलचा 1080पी डीव्हीआर, सात साधे एचडी कॅमेरे, गल्ल्यावर एक आयपी म्हणजे नेटवर्कवरचा कॅमेरा, थ्री प्लस वन केबल (चित्र आणि वीज एकत्र नेणारी), आत 4 टीबीची एकच डिस्क. चित्र कसं दिसतं, रात्री किती फुटांपर्यंत दिसतं, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. इथे फक्त साठवणुकीचं बोलतो, कारण झोल तिथेच झाला.

सातव्या महिन्यात गोदामाच्या दाराची एक क्लिप लागली आणि ती मिळाली नाही. त्या दिवसाचीच नाही, तर मागच्या 19 दिवसांचं रेकॉर्डिंग जवळजवळ नव्हतंच. त्या 19 दिवसांत टीव्हीवर आणि मोबाइलवर आठही चौकटी झकास दिसत होत्या. लाइव्ह चित्राचा डिस्कशी काही संबंध नाही. डिस्क काढून शोकेसमध्ये ठेवली तरी लाइव्ह चालूच राहतं. हे माहीत सगळ्यांना असतं, पण रोज मोबाइलवर आठ चौकटी बघितल्या की आपण समाधानी होतो.

आता कॅलेंडरबद्दल. प्लेबॅकमध्ये महिन्याचं कॅलेंडर येतं आणि ज्या तारखेला रेकॉर्डिंग आहे तिच्यावर खूण असते. त्या 19 पैकी 11 तारखांवर खूण होती! कारण डिस्क लटकली की डीव्हीआर लिहिणं थांबवतो, आणि लाइट जाऊन आली की रीस्टार्ट होऊन डिस्कला पुन्हा "नॉर्मल" म्हणतो, तास-दोन तास लिहितो, परत थांबतो. दिवसात चाळीस मिनिटं लिहिलं तरी कॅलेंडरच्या लेखी दिवस भरला. खालची 24 तासांची पट्टी उघडली तेव्हा कळलं: नखाएवढा निळा तुकडा आणि पुढे सगळी काळी. म्हणून कॅलेंडर बघू नका, पट्टी बघा, आणि पट्टीवर दोन-तीन ठिकाणी टिचकी मारून चित्र खरंच चालतंय का ते बघा.

आणि बझर. डीव्हीआरच्या मदरबोर्डवर वाटाण्याएवढा बझर असतो. मेनूत "एक्सेप्शन" नावाचं पान असतं, तिथे "एचडीडी एरर" निवडून "ऑडिबल वॉर्निंग" समोर खूण केली की डिस्क बिघडल्याबरोबर तो पीं-पीं करतो. आमच्याकडे ती खूण काढलेली होती. बसवणाऱ्याने काढली, कारण बसवताना डिस्क फॉरमॅट होईपर्यंत तो वाजत होता आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं. नंतर लावायची राहिली. दहा सेकंदांचं काम! सहा-सात जणांच्या डीव्हीआरमध्ये ही खूण बघितली, चौघांकडे बंद. हजारो रुपयांची यंत्रणा आणि तिची बोंब मारायची सोय मुकी करून ठेवायची, याला काय म्हणावं? त्याच पानावर "रेकॉर्ड एक्सेप्शन" (रेकॉर्डिंग अडणं) आणि "व्हिडिओ लॉस" (कॅमेऱ्याचं चित्र जाणं) आहेत, त्यांनाही खूण करा. मोबाइल अ‍ॅपवर सूचना पाठवायचा पर्याय वेगळा असतो, तोही चालू करा, कारण रात्री दुकानात बझर ऐकायला कोण असतं?

डिस्क का गेली, हे डीव्हीआरनेच सांगितलं. डिस्कची तब्येत दाखवणारं "स्मार्ट" चाचणीचं पान उघडलं: पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे तुकडे), म्हणजे क्रमांक 197, तीनशेच्या वर, रिअलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बदललेले तुकडे), क्रमांक 5, वाढलेले, आणि क्रमांक 9, पॉवर-ऑन अवर्स, म्हणजे डिस्क चालू राहिल्याचे एकूण तास, 21,380. डीव्हीआर बसवून 213 दिवस झाले होते, म्हणजे जास्तीत जास्त 5,112 तास. उरलेले सोळा हजार तास, म्हणजे जवळजवळ एक वर्ष दहा महिने, ही डिस्क आणखी कुणाच्या तरी यंत्रात फिरून आली होती. वर नवं कोरं स्टिकर. विक्रेत्याचं म्हणणं, "कंपनीतूनच तशी आली असेल." पुढचे पंधरा दिवस फोनाफोनी. एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात "हार्ड डिस्क व डेटा वगळून" असं होतं. कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकल्यावर कळलं की तो माल ओईएमचा, म्हणजे यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना दिलेला आहे, थेट ग्राहकाला वॉरंटी नाही. शेवटी निम्म्या पैशांवर तडजोड.

त्यामुळे आता नियम असा: पैसे द्यायच्या आधी सिरीयल नंबर कंपनीच्या साइटवर तपासायचा, आणि डिस्क बसवल्यावर पहिल्या दहा मिनिटांत पॉवर-ऑन अवर्स बघायचे. नव्या डिस्कवर ते शून्य-एक असतात. हा आकडा पुसून शून्य करणारेही आहेत. सीगेटची डिस्क असेल तर तिच्यात "फार्म" नावाची चालू तासांची वेगळी नोंद असते. डिस्क संगणकाला जोडून स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या नव्या आवृत्तीने ती वाचता येते. दोन आकडे जुळले नाहीत तर डिस्क परत. मात्र डीव्हीआरमध्ये वापरलेली डिस्क विंडोजला लावली की "फॉरमॅट करायची का?" असं विचारलं जातं. तिथे होय म्हटलं की सगळं मुसळ केरात. डीव्हीआर डिस्कची मांडणी स्वतःच्या पद्धतीने करतो, विंडोजला ती कळत नाही. डिस्क खराब आहे असा त्याचा अर्थ नाही.

आता त्या अर्ध्या माघारीकडे. वापरलेली डिस्क मेली, यावरून जांभळं स्टिकर चांगलं की वाईट हे काहीच सिद्ध होत नाही. मत बदललं ते हिशोब मांडल्यावर. कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला येणारा डेटा, एमबीपीएसमध्ये (मेगाबिट) मोजतात. 1 एमबीपीएस म्हणजे दिवसाला 10.8 जीबी, एवढा एकच आकडा पाठ ठेवा. आमचे आठ कॅमेरे प्रत्येकी 2 एमबीपीएसवर: 16 गुणिले 10.8, दिवसाला 172.8 जीबी. 4 टीबीला 23 दिवस. डीव्हीआर डिस्क 3726 जीबी दाखवतो म्हणून कुणी फसवलं असं समजू नका, ते मोजायच्या पद्धतीतलं अंतर आहे. आवाज रेकॉर्ड केला तरी 64 केबीपीएसने दिवसाला पाऊण जीबीसुद्धा वाढत नाही.

वर्षाचे होतात 63 टीबी. सीगेटच्या साध्या डेस्कटॉप डिस्कला, बाराकुडाला, कंपनीने वर्षाला 55 टीबी आणि 2400 तासांचं काम नेमून दिलंय. चोवीस तास चालवली तर 2400 तास बरोब्बर शंभर दिवसांत संपतात! सर्व्हेलन्सच्या स्कायहॉक किंवा डब्ल्यूडी पर्पलसारख्या डिस्कला वर्षाला 180 टीबी आणि 8760 तास, म्हणजे अख्खं वर्ष. शिवाय खराब सेक्टर आला तर डेस्कटॉप डिस्क तो वाचायचा हट्ट धरून कितीतरी सेकंद अडून बसते आणि तेवढ्यात आठ कॅमेऱ्यांचं लिखाण तुंबतं; सर्व्हेलन्स डिस्क एखादी फ्रेम सोडून पुढे जाते. दोन कॅमेऱ्यांना साधी डिस्क वर्षानुवर्षं चालते, ते वाक्य अजून मागे घेत नाही. आठला नको. दुसरी डिस्क जांभळ्या स्टिकरचीच आणली, यावेळी डब्यासकट.

एसएसडी (फिरता भाग नसलेली चिपवाली डिस्क) लावावी का, कारण ती लिहून लिहून झिजते म्हणतात, असं बरेच जण विचारतात. 1 टीबीच्या चांगल्या एसएसडीला 600 टीबी लिखाणाची हमी असते. आमच्या 63 टीबीने ती कागदावर नऊ वर्षं पुरते. म्हणजे झिजण्याचं कारण खोटं आहे. खरं कारण हे की 1 टीबीत सहा दिवससुद्धा धड मावत नाहीत.

एच.265 प्लस (व्हिडिओ जास्त दाबून जागा वाचवणारी पद्धत) चालू केल्यावर 23 चे 40 च्या आसपास दिवस झाले, म्हणून तिसऱ्या महिन्यात मी त्याचं लई कौतुक केलं होतं. पण जुलैत दिवस परत घसरले. आपल्याकडचा पाऊस, त्यात रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात चमकणारे थेंब आणि चिलटं. कॅमेऱ्याला वाटतं सगळी चौकट हलतेय, आणि बिटरेट कमाल मर्यादेला चिकटून बसतो. दुसरी खोट क्लिप काढताना कळते. जागा वाचवण्यासाठी हा प्रकार पूर्ण फ्रेम लांब-लांब अंतरावर टाकतो, त्यामुळे मागे फिरवताना चित्र उड्या मारतं आणि कापलेली क्लिप हव्या त्या सेकंदापासून सुरू होत नाही. गल्ल्यावर नोटांची अदलाबदल दोन सेकंदांत होते. म्हणून गल्ल्याच्या कॅमेऱ्याला साधं एच.265, बाकी सातांना प्लस. आता 32 ते 36 दिवस मिळतात आणि तेवढे पुरेत. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये पोलीस ठाण्यांसाठी 18 महिन्यांची साठवण सांगितली, आणि बाजारातल्या यंत्रात तेवढी जमतच नसेल तर निदान एक वर्ष. आमच्या हिशोबाने तसं करायला 4 टीबीच्या पंधरा-वीस डिस्क लागतील. धान्य दुकानाला परवडणारी गोष्ट नाही.

क्लाउडचा विचार पाच मिनिटांत सोडला. 172.8 जीबी रोज म्हणजे महिन्याला 5,184 जीबी, आणि घरगुती फायबरच्या बऱ्याच "अनलिमिटेड" प्लॅनची मर्यादा 3,300 जीबीवर येते. त्यापेक्षा गल्ल्याच्या आयपी कॅमेऱ्यातच 128 जीबीचं हाय एन्ड्युरन्स मेमरी कार्ड टाकलं. 2 एमबीपीएसला जवळपास सहा दिवस मावतात. चोराने डीव्हीआरच उचलून नेला तरी एवढं हाताशी राहतं, आणि डिस्क बदलेपर्यंत ज्या फुटेजचा आधार झाला ते या कार्डातलंच. मोबाइलचं साधं कार्ड घालू नका. ते सहा-सहा दिवसांनी पुसून लिहिलं जातं, आणि झिजलं की गुपचूप फक्त वाचण्यापुरतं उरतं.

उष्णतेचं थोडक्यात. डीव्हीआर प्लायवूडच्या बंद कपाटात, शेजारी कॅमेऱ्यांना वीज देणारा 10 अँपिअरचा एसएमपीएस. डिस्कचं तापमान 58 अंश. एसएमपीएस बाहेर काढला, डीव्हीआरखाली इंचभर लाकडी पट्ट्या घातल्या, कपाटाला वर-खाली भोकं पाडली. 44 वर आलं. खर्च शून्य. अडॅप्टर मात्र बदलताना कंजुषी नको. डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते. बाजारातला "2 अँपिअर" छापलेला हलका अडॅप्टर तिथे मान टाकतो आणि डीव्हीआर पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहतो. लोक डिस्क बदलतात, दोष अडॅप्टरचा असतो. 600 व्हीएच्या यूपीएसवर सगळे कॅमेरे आणि राउटर धरून पाऊण तास निघतो. डिस्कवर लिहिणं चालू असताना लाइट जाणं टळतं, हाच त्याचा खरा उपयोग.

डीव्हीआर काउंटरखाली ठेवणाऱ्यांना एक सांगायचंय. 2019 आणि 2021 ला व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी भागात पुराचं पाणी कुठवर होतं ते आठवा. 4 टीबीच्या डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, बुडाली की त्यातून गाळ आत जातो. तशी डिस्क उन्हात वाळवून चालू करून बघू नये. चालू केली की प्लेटवर ओरखडे पडतात आणि डेटा काढणाऱ्याच्याही हाती काही राहत नाही. आमचा डीव्हीआर आता माळ्यावर आहे, उंदरांसाठी केबल पीव्हीसी पाइपातून घेतलीय.

क्लिप देण्याची वेळ आली तर आधी प्लेबॅकमध्ये तो भाग लॉक करा, नाहीतर तुम्ही पेन ड्राइव्ह शोधेपर्यंत ओव्हरराइट होईल. पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला हवा, एनटीएफएस बरेच डीव्हीआर ओळखतच नाहीत. घड्याळ एनटीपीवर (इंटरनेटवरून वेळ घेण्यावर) ठेवा, जीएमटी अधिक 5:30. आतला सीआर2032 सेल संपला की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते आणि रेकॉर्डिंग भलत्याच वर्षात जाऊन बसतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी 1 जुलै 2024 पासून जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 65ब ऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 आहे. त्यातल्या प्रमाणपत्राचे अ आणि ब असे दोन भाग आहेत आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा जणू बोटाचा ठसा असलेला आकडा) लिहावी लागते. विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडने एसएचए256 प्रकारची हॅश निघते. क्लिप काढल्याबरोबर काढून कागदावर लिहून ठेवा.

दुसऱ्या डिस्कचे आजचे आकडे: पॉवर-ऑन अवर्स 5,046, पेंडिंग सेक्टर शून्य, तापमान 43. दर सोमवारी दुकान उघडल्यावर पट्टी बघायची, दोन मिनिटं लागतात. बझर चालू आहे. गेल्या महिन्यात गोदामातल्या एका कॅमेऱ्याचा बीएनसी (केबलचा जोड) गंजला आणि बझर भर दुपारी वाजायला लागला. शेजारच्या दुकानातून विचारणा झाली, "हे बंद करता येत नाही का?" येतं. केलेलं नाही.