माझदा आरएक्स-८: अकरा महिने, दोनदा ‘ओव्हर’

जूनमधली सकाळ. गाडी सुरू होत नव्हती म्हणून मी बॉनेट उघडून उभा होतो. सांगलीहून आलेले बाबा दारातूनच म्हणाले, “ओव्हर झालीय रे. पेट्रोलचा वास इथपर्यंत येतोय. प्लग काढ.”

बाबांनी पंचवीस वर्षं टू-स्ट्रोक बजाज चेतक चालवली. रोटरी इंजिन हा शब्द त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, पण निदान शंभर टक्के बरोबर होतं: इंजिनात जादा पेट्रोल साचून प्लग भिजले होते. एप्रिलमध्ये हीच गाडी अशीच अडली होती, तेव्हा गॅरेजवाल्याने चार दिवस ठेवून घेतली आणि “इंजिन गेलं, दुसरं टाका” असं सांगून वर बिल दिलं.

गाडी २००५ सालची, २३१ पीएसची (म्हणजे अश्वशक्तीची), सहा गिअरची. इथे इंग्लंडमध्ये, स्विंडनला गेल्या मार्चमध्ये सेकंडहँड घेतली. युरोपात आरएक्स-८ ची विक्री २०१० मध्ये थांबली आणि जपानमध्ये २०१२ पर्यंत गाडी बनत होती, त्यामुळे आता मिळते ती जुनीच आणि म्हणूनच स्वस्त. स्वस्त का, हे एप्रिलमध्ये कळलं.

झालं असं, की शेजाऱ्याची व्हॅन बाहेर काढायची होती. मी थंड गाडी सुरू केली, वीस फूट मागे घेतली, बंद केली. तेवढंच. दुसऱ्या दिवशी सुरू होईना. साध्या गाडीला याने काही होत नाही. रोटरीत पिस्टन नाहीत. फुगलेल्या समोशासारखे दोन त्रिकोणी रोटर आत गोल फिरतात आणि त्यांच्या टोकांना बसवलेल्या बारीक पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, हवा धरून ठेवतात. ही पकड धातूइतकीच तेलाच्या पातळ थरावरही अवलंबून असते. थंड इंजिनाला कॉम्प्युटर भरपूर पेट्रोल देतो. इंजिन तापायच्या आत बंद केलं, तर ते न जळलेलं पेट्रोल आतच राहतं, तेल धुऊन काढतं आणि प्लग ओले करतं. मग कॉम्प्रेशन (आतल्या हवेवरचा दाब) नाही, ठिणगी नाही, आणि आपण चावी फिरवत राहिलो की आणखी पेट्रोल आत.

आवाजावरून ओळखता येतं. चांगलं इंजिन स्टार्टरवर ‘धप-धप-धप’ करत फिरतं, प्रत्येक ठोका वेगळा कळतो. ओव्हर झालेलं नुसतं ‘घुर्रर्र’ करत सपाट फिरतं, रिकामी गिरणी फिरावी तसं. हा आवाज आला की चावी सोडा. मी एप्रिलमध्ये सोडली नाही. बॅटरी उतरवली, मग टो करून नेली, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

पहिला उपाय फुकट आहे. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि जास्तीत जास्त दहा सेकंद स्टार्टर मारायचा. चेतकला बाबा पूर्ण रेस देऊन किक मारायचे तसंच दिसतं, पण कारण वेगळं आहे: इथे पेडल पूर्ण दाबलेलं असताना स्टार्टर मारला, की कॉम्प्युटर इंजेक्टर बंद ठेवतो. नुसती हवा आत जाते आणि पेट्रोल बाहेर फेकलं जातं. मध्ये स्टार्टरला थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं द्यायची. हलकं ओव्हर झालं असेल तर तिसऱ्या-चौथ्या वेळेला पकडते. बॅटरी मात्र पूर्ण चार्ज हवी, नाहीतर इंजिन हळू फिरतं आणि सगळी मेहनत वाया.

जूनमध्ये याने भागलं नाही. मग प्लग. डावं पुढचं चाक काढलं की चारही दिसतात: खालचे दोन लीडिंग (आधी ठिणगी देणारे), वरचे दोन ट्रेलिंग (मागून देणारे). ते वेगवेगळे असतात, अदलाबदल करायची नाही. चारही ओलेचिंब निघाले. प्लगना वीज देणाऱ्या कॉइलचे कनेक्टर काढून ठेवले, कारण उघड्या भोकांतून पेट्रोलचा फवारा उडत असताना ठिणगी नको. पेडल तळाला ठेवून स्टार्टर मारला. समोर धरलेल्या फडक्यावर पेट्रोलचा असा शिडकावा आला की बाबा दोन पावलं मागे सरले. हे उघड्यावरच करा, आणि सिगारेट ओढणाऱ्या मित्राला लांब ठेवा.

नंतर खरी गोम: धुतलं गेलेलं तेल परत द्यायचं. औषधाच्या सिरिंजने वरच्या भोकातून प्रत्येक रोटरला थोडं इंजिन ऑइल सोडलं, चमचाभर. स्टार्टरला छोटासा झटका दिला आणि ‘घुर्रर्र’चं परत ‘धप-धप’ झालं. नवे प्लग लावले. (बाबा जुने गॅसवर भाजून देतो म्हणत होते. घरातल्या स्मोक अलार्मची त्यांना ओळख नव्हती.) तिसऱ्या प्रयत्नाला खोकली, एका रोटरवर लंगडत धावली आणि मग दोन्हीवर आली. पांढऱ्या-निळ्या धुरात अख्खी गल्ली गायब. समोरच्या आजी खिडकीत. घाबरू नका, आत सोडलेलं तेलच जळत असतं. लगेच बंद करू नका, वीस मिनिटं चालवून आणा.

ढकलून किंवा टो करून सुरू करायचा सल्ला बरेच जण देतील. देऊ देत. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं, आणि तो भाग प्लगच्या सेटपेक्षा कितीतरी महाग आहे.

“इंजिन गेलं” हे खरं का, ते पुढे रोटरीवाल्याकडे तपासलं. साधा कॉम्प्रेशन गेज इथे कामाचा नाही, कारण एका रोटरला तीन बाजू असतात आणि तीन आकडे हवेत. साधा गेज फक्त सगळ्यात मोठा दाखवतो. कंपनीची किमान मर्यादा २५० आरपीएमला ६.८ बार दाब आहे. माझे सहाही आकडे ७.२ ते ७.६ च्या मध्ये आले. म्हणजे म्हातारं, पण जिवंत. सेकंडहँड घेणाऱ्याने एवढं तरी करा: गाडी पूर्ण तापवून बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून बघा. गरम असताना कुरकुरली तर सील झिजलेत, आणि वर लिहिलेल्या खटपटीने ते बरे होत नाहीत.

त्यानंतर मी नवी बॅटरी, चारही कॉइल आणि नंतरच्या मॉडेल्सना येणारा जास्त वेगाने फिरणारा स्टार्टर टाकला. ऑगस्टपासून एकदाही अडली नाही, जानेवारीतल्या उणे चारलाही. थंड गाडी हलवावीच लागली तर तापेपर्यंत चालू ठेवतो, शेजारी काही का म्हणेना.

बाकी थोडक्यात. लिटरला सात किलोमीटर जाते, हायवेला नऊ. इंजिन ऑइल पिते, आणि पिणारच, कारण सीलसाठी ती मुद्दाम थोडं तेल आत सोडते. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघतो. मागची उलटी उघडणारी दारं पाहुण्यांना फार आवडतात, मागची सीट तितकीशी नाही. नऊ हजार आरपीएमपर्यंत सुई जाते तेव्हाचा आवाज मात्र मला लिहिता येत नाही.

घरात एकच गाडी असणार असेल तर घेऊ नका. आमच्याकडे बायकोची यारिस आहे, ती रोज सुरू होते. माझ्या डिकीत प्लगचा पाना, चार जुने प्लग आणि ती सिरिंज असते. बाबा दर रविवारी फोनवर आधी गाडीचं विचारतात, मग माझं.