तळ्यातला गाळ: आधी उपसायचा की वरच अडवायचा?

पैसा एकाच कामापुरता आहे आणि तळं निम्मं गाळानं भरलंय. पोकलेन लावायचा की वर माळाला चर मारायचे?

उपशाचा फायदा लगेच दिसतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट गाळ निघाला की सुमारे २,८३० लिटर पाण्याची जागा झाली, तीही येत्या पावसाळ्यातच. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकऱ्यांनी स्वखर्चानं गाळ वाहून नेला, कारण हलक्या रानाला तो सोन्यासारखा. पण सगळा गाळ एका जातीचा नसतो. नाला तळ्यात शिरतो तिथं पाण्याचा जोर मोडतो आणि वाळू, मुरूम तिथंच बसतो. बारीक पोयटा भिंतीकडे सरकतो. रानात पसरायला तोच न्यावा.

पाझर तलावात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायला बांधलेल्या तलावात, हा बारीक थर वीतभर साचला तरी तळ लिंपल्यासारखा होतो. तळ्यात पाणी दिसतं, खालच्या विहिरी कोरड्याच. तिथं उपसा हवाच. गावतळ्यात मात्र तळाची चिकण माती फोडून मुरमात शिरलात तर पाणी ठरणार नाही. आणि कुठलाही तलाव असो, भिंतीच्या पायाला बकेट लागू देऊ नका.

वरच्या कामाचं फळ उशिरा मिळतं. सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले), ओघळीत दगडी बांध, शेतांची बांधबंदिस्ती एवढं करूनही पहिल्या वर्षी तळं इंचभर खोल होत नाही, म्हणून ग्रामसभेत हात कमी वर होतात. तरी हिवरे बाजारनं चरांच्या जोडीला चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, ती उगीच नाही. माळ उघडा राहिला तर चरही बुजतात.

दोन्ही टाळून साठा वाढवायला सांडव्याची, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेची, उंची वाढवायचा विचार अभियंत्याच्या पाहणीशिवाय करूच नका.

ठरत नसेल तर पहिल्या मोठ्या पुरात नाल्याचं पाणी काचेच्या बाटलीत भरून ठेवा. वाळू मिनिटभरात खाली बसते. चिकण मातीचा दोन मायक्रॉनचा कण मात्र स्थिर पाण्यात दिवसाला जेमतेम फूटभर उतरतो. तळाशी जाड वाळू साचली तर बहुधा ओघळी ढासळताहेत, आधी दगडी बांध घाला. दुसऱ्या दिवशीही पाणी चहासारखं असेल तर शेतांची माती चालली आहे, आधी बांधबंदिस्ती. पाणी बऱ्यापैकी नितळ असेल तरच पोकलेन बोलवा.

ती बाटली १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठेवा.