मागाची खोली, गाडी आणि कोळी: दहा महिन्यांनंतर

आमचं गॅरेज हे मुळात गॅरेज नव्हेच. बेळगावच्या वडगावात पूर्वी घरोघरी माग असायचे, त्यातलीच ही आमची मागाची खोली. दोन यंत्रमाग भंगारात गेले, पुढची भिंत पाडून शटर बसवलं आणि माग होते तिथं गाडी उभी राहू लागली. छप्पर मात्र तेच, मंगळुरी कौलांचं. वाशांच्या सांध्यांत सुताचा भुगा अजून बसलेला, कोपऱ्यात सूत गुंडाळायच्या कांड्यांची खोकी, मागाची एक मोडकी फणी, दोन धोटे. कोळ्याला याहून चांगली जागा शोधून सापडायची नाही.

गेल्या श्रावणापर्यंत मी तिकडं काणाडोळाच करत होतो. मग एका सकाळी गोगटे सर्कलला सिग्नलवर उभा असताना हेल्मेटच्या आतून काहीतरी कपाळावरनं भुवईवर उतरलं. हेल्मेट ओढून काढलं ते थेट शेजारच्या रिक्षाच्या टपावर आपटलं. आत हरभऱ्याएवढा उडी मारणारा कोळी, माझ्याकडंच बघत. रिक्षावाले मामा वाकून बघून म्हणाले, "बारका जीव आहे की ओ, एवढं काय घाबरायचं?" मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. घरी आलो आणि त्याच रात्री गॅरेजात बॅटरी घेऊन जाळी मोजली. एकतीस. तेव्हापासून दर रविवारी मोजतोय, वहीत लिहितोय. बायको याला माझं खूळ म्हणते. पण ही वही नसती तर पैसे कुठं पाण्यात गेले हे मला कळलंच नसतं.

पहिला पैसा गेला तो फवाऱ्यावर. दुकानदार म्हणाला, एकदा मारा आणि तीन महिने विसरा. पायरेथ्रॉइड गटातलं औषध होतं, लेबलवरच्या चौकोनात खालचा त्रिकोण निळा. (आपल्याकडं या त्रिकोणाचा रंग विष किती जहाल ते सांगतो: लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. बाटली घेताना तेवढं तरी बघावं.) नाकाला रुमाल बांधून भिंती, कोपरे, वासे सगळं भिजवलं. दुसऱ्या दिवशी झुरळं उताणी पडलेली, कोळीही पाच-सहा. खूश झालो. तिसऱ्या रविवारी वहीत आकडा पुन्हा अठ्ठावीस.

कारण नंतर समजलं आणि समजल्यावर अगदी साधं वाटलं. भिंतीवर वाळलेल्या औषधावरनं झुरळ पोट घासत जातं, मग मिशा आणि पाय तोंडात धरून साफ करतं, म्हणजे विष आपण होऊन खातं. कोळी चालतो पायांच्या टोकांवर, आणि बहुतेक वेळ तर स्वतःच्या जाळ्यावरच असतो. भिंतीला त्याचा संबंध येतो तो किती! थेट अंगावर फवारा पडला तर मरतो, वाळलेल्या औषधानं त्याचं फारसं बिघडत नाही. शिवाय एक गोष्ट दुकानदारानं सांगितली नव्हती: याच गटातलं परमेथ्रीन मांजराला फार घातक. शेजारच्या अक्कांची मांजर आमच्या बॉनेटवर झोपायला येते. अक्का कोळ्याला कानडीत जेड म्हणतात, आम्ही कोळी, पण मांजरीच्या बाबतीत दोन्ही घरांचं एकमत आहे. बाटली अर्धी राहिली ती तशीच कुलपात.

मग भावानं प्लगमध्ये लावायचं एक यंत्र मागवून दिलं. म्हणे माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतं आणि कोळी, पाली, उंदीर पळून जातात. निळा दिवा मात्र छान लागायचा. पाच आठवडे लावलं, आकडा हलला नाही. सहाव्या आठवड्यात यंत्राच्या डाव्या बाजूपासून स्विचबोर्डापर्यंत एक जाळं होतं, मधोमध मालक बसलेला. त्याला नसेल ऐकू येत! पुढं वाचण्यात आलं की अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशननं (ग्राहकांची फसवणूक रोखणारी तिथली सरकारी संस्था) २००१ सालीच असली यंत्रं बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठहून अधिक कंपन्यांना ताकीद दिली होती, की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा ठेवा. आम्ही ते इतक्या वर्षांनी विकत घेतलं. भावाला अजून सांगितलेलं नाही.

पेपरमिंट तेलाबद्दल मात्र एकदम फुली मारवत नाही. २०१८ मध्ये तीन जातींच्या कोळ्यांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पेपरमिंट तेलापासून दोन जाती स्पष्टपणे लांब राहिल्या. लिंबाच्या तेलाचा काही उपयोग दिसला नाही. मी पाण्यात तेलाचे थेंब आणि चमचाभर भांडी घासायचं लिक्विड घालून खिडकीच्या चौकटीवर मारत होतो. तिथं आठवडाभर खरंच जाळं झालं नाही. पण कौलारू खोली ती, वरनं वारा येतोय, वास चार दिवसांत उडतो. दर चार दिवसांनी मारत बसायचं आणि गाडीत बसलं की खोकल्याच्या गोळीचा वास घेत जायचं, हे दीड महिन्यात कंटाळून सोडलं. पक्क्या स्लॅबच्या, लहान, बंद गॅरेजवाल्यांनी करून बघायला हरकत नाही. आई डांबराच्या गोळ्या टाकायला सांगत होती. त्या मी टाकू दिल्या नाहीत. घरात लहान मूल आहे, आणि त्यांतल्या नॅप्थलीनचा काही मुलांच्या रक्तावर वाईट परिणाम होतो.

आता खरी गोष्ट, जी मला योगायोगानं कळली.

सप्टेंबरच्या शेवटी मानेवर डाव्या बाजूला लाल पट्टा उठला. सरळ, चाबूक मारल्यासारखा, त्यावर बारीक फोड, आणि आग अशी की कॉलर लागू देईना. आईनं बघितलं नि निदान केलं, "कोळी फिरलाय अंगावरनं. तरी सांगूलालो, त्या खोलीत रात्रीचं जाऊ नको म्हणून." आमच्याकडं सगळेच हेच म्हणतात. पावसाळ्यात असा पट्टा उठला की कोळी फिरला किंवा कोळी मुतला. चुना लावायचा सल्लाही तयार. मी कॉलेज रोडच्या बाजूला स्किनच्या डॉक्टरबाईंकडं गेलो. त्यांनी मान बघितली आणि मला पहिला प्रश्न विचारला, "डोक्यावर ट्यूबलाइट असते का?"

असते. दुचाकी शटरच्या आत घेतल्यावर मी त्या ट्यूबखाली उभा राहूनच हेल्मेट, रेनकोट काढतो. डॉक्टर म्हणाल्या, हे कोळ्याचं काम नव्हेच. पीडेरस नावाचा एक बारीक भुंगेरा असतो, मुंगीसारखा लांबुडका, अंगावर नारिंगी आणि काळे पट्टे. पावसाळ्यात पांढऱ्या दिव्यावर येतो. तो चावत नाही, डंख मारत नाही. मानेवर बसला की आपण हातानं चिरडतो, त्याच्या अंगातला रस कातडीवर पुसला जातो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तसाच्या तसा पट्टा भाजल्यासारखा उठतो. चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा, आणि चिरडलाच तर लगेच साबणानं धुवायचं. पिढ्यान्‌पिढ्या कोळ्याच्या नावावर हा गुन्हा खपवलाय आपण.

घरी येऊन त्या ट्यूबकडं पहिल्यांदा नीट बघितलं. खाली पट्टीवर मेलेल्या किड्यांचा थर. आजूबाजूला दोन हातांच्या अंतरात, माझ्या वहीप्रमाणं, एकतीसपैकी एकोणीस जाळी. मी कोळ्यांना मारायला औषध आणत होतो आणि रोज संध्याकाळी सहा वाजता त्यांचं जेवण मीच वाढत होतो.

ट्यूब काढली, पिवळ्या प्रकाशाचा नऊ वॅटचा एलईडी बल्ब लावला. किड्यांना अतिनील आणि निळा प्रकाश जास्त दिसतो, पिवळ्यावर ते कमी येतात. बाहेरचा दिवा शटरच्या बरोबर डोक्यावर होता, तो काढून फाटकाच्या खांबावर नेला. इलेक्ट्रिशियनसकट साडेसहाशे रुपये. चार रविवारांत आकडा सोळावर आला. बाकी कशानंही एवढा फरक पडला नाही. पाऊस ओसरल्याचाही थोडा हात असेल, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दिवाळीच्या साफसफाईला मग हुरूप आला. शटर गुंडाळून बसतं ती वरची पत्र्याची पेटी पंधरा वर्षांत कुणी उघडली नव्हती. स्क्रू काढून झाकण खाली घेतलं आणि आतनं राखाडी गोधडीच निघाली. सुताचा भुगा, जाळी, पंख आणि टरफलं असं सगळं थरावर थर. त्यात मसुरीएवढ्या पिवळसर कापसाच्या गाठी लटकलेल्या. ती अंडी. वरवर जाळी झाडून काही होत नाही ते यामुळंच. एक गाठ राहिली की महिन्याभरात टाचणीच्या डोक्याएवढी पिल्लं भिंतभर. पेटीच्या मागच्या बाजूला तळहाताएवढा चपटा कोळी पोटाखाली पांढरी चकती धरून बसला होता. तीही अंडीच, त्या एका चकतीत शंभरावर असतात. मी हललो नाही, तीही हलली नाही. मग मी हळूच झाकण टेकवलं आणि चहा प्यायला गेलो.

भिंतीवर कुंभारणीची मातीची घरटी होती, तीही खरवडली. एक फुटलं तर आत आठ-दहा कोळी, एकावर एक रचलेले, जिवंत पण लुळे. कुंभारीण माशी डंख मारून त्यांना निपचित करते आणि पिल्लांची बेगमी म्हणून आत भरून ठेवते. पोराला दाखवलं. त्या दिवशी जेवला नाही नीट. पण पाहिल्यावर मी उरलेली दोन घरटी तशीच ठेवली, ती आपल्याच कामावर आहे म्हणून.

शटरच्या खालच्या फटीसाठी आधी रबराची पट्टी लावली. शहाबादी फरशी एका बाजूला दबलेली, त्यामुळं एकीकडं पट्टी घासायची आणि दुसरीकडं बोटभर फट. जानेवारीत उंदरानं कोपरा कुरतडला. मग ब्रशची पट्टी आणली, नऊ फुटाला अकराशे रुपये. तिचे केस वरखाली फरशीला धरून बसतात. पाच महिने झाले, टिकली आहे. खिडकीला मच्छरची जाळी वेल्क्रोवर लावली, ते काम अर्ध्या तासाचं. कौलांच्या फटी मात्र बुजवायच्या नादाला लागू नका. मी दोन शनिवार आणि सिलिकॉनच्या चार नळ्या घालवल्या. वाऱ्यानं एक कौल सरकलं की सगळं मुसळ केरात. कौलारू खोलीत कोळी येणारच, तेवढं गृहीत धरायचं.

बाबांशी वाद झाला तो खोक्यांवरनं. पुठ्ठ्याची खोकी ही झुरळांची आणि कोळ्यांची चाळच, ती काढायलाच हवी होती. कांड्या टाकायच्या म्हटल्यावर बाबा काही बोलले नाहीत, नुसते येऊन खोक्यावर बसले. शेवटी झाकणाचे प्लास्टिकचे डबे आणले, कांड्या पुसून त्यात भरल्या. फणी आणि धोटे आता घराच्या पुढच्या सोप्यात भिंतीवर आहेत. झुरळांसाठी बोरिक पावडर, साखर आणि कणकेच्या गोळ्या डब्यांच्या मागं, पोराचा आणि मांजरीचा हात पोचणार नाही अशा जागी.

उरलं ते काम साळुत्याचं, म्हणजे झाडूचं. बांबूला साळुता बांधून दर रविवारी वरनं खाली एक फेरा, पंधरा मिनिटं. जाळ्याचा धागा म्हणजे कोळ्याच्या अंगातली प्रथिनं. पुन्हा पुन्हा मोडलं की तो जागा बदलतो. दोन रविवार चुकवले की वहीत लगेच दिसतं. लांब बारीक पायांचे कोळी, हात लावला की अख्खं अंग गरगर हलवणारे, हेच सगळ्यांत चिवट. पण ते दुसरे कोळीही खातात, म्हणून वरच्या आढ्याजवळ त्यांना राहू दिलंय.

मार्चमध्ये आकडा सहावर होता. आता मृगाचा पाऊस लागल्यापासून अकरा झालाय. गेल्या ऑगस्टच्या एकतीसपुढं मला तो चालतो. चपट्या कोळिणीला शटरच्या पेटीत राहू दिलं, झुरळं खाते म्हणून. आई तिला "तुझी पाहुणी" म्हणते. हेल्मेट आता सोप्यात खुंटीला, पिशवीत घालून.

एक मात्र अजून सुटलेलं नाही. गाडीच्या डाव्या आरशाच्या काचेमागं कोण राहतोय तो मी आजवर बघितलेला नाही. रात्री बाहेर येतो, आरशापासून दारापर्यंत जाळं टाकतो, सकाळी आत. मी बोटानं पुसतो, ऑफिसला जातो, खानापूरला जाऊन येतो, हा आपला आतच. कुणीतरी रात्री आरशाला प्लास्टिकची पिशवी बांधायला सांगितलं. बांधली की जाळं होत नाही. पण रोज बांधायची आठवण कुणाला राहतेय!